‘नंतर’ आणि ‘मुळे’ : धूम्रपानबंदीविषयक संशोधनाच्या भाषेची एक चिकित्सा

‘धूम्रपानबंदीमुळे नवजात बालकांचे आरोग्य सुधारते’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. त्यातील एकही शब्द अपरिचित नाही. आणि ज्या संशोधनाचे सार म्हणून ते सांगितले जाते ते संशोधनही उपेक्षणीय नाही. असे असूनही हे वाक्य त्या संशोधनाचे यथार्थ सार नव्हे. त्यातील ‘बंदी’ हे नाम, ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय, ‘आरोग्य’ हे व्यापक पद आणि ‘सुधारते’ हे रीतिवाचक वर्तमानकाळी क्रियापद, या चारही ठिकाणी मूळ निबंधांत जेवढे सिद्ध झाले आहे त्याहून काही वेगळे म्हटले जाते. शास्त्रीय निष्कर्ष मराठीत येताना त्याचे काय होते, याचा हे वाक्य एक चांगला नमुना आहे. प्रश्न केवळ शैलीचा नाही. या वाक्याच्या आधारे कोणी समाधान मानील तर त्याची किंमत अपुऱ्या दिवसांनी जन्मणाऱ्या मुलांना द्यावी लागेल, म्हणून ते तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम संशोधनाची रूपरेषा पाहू. आयर्लंडने २९ मार्च २००४ रोजी कामाच्या बंदिस्त जागी धूम्रपानास मनाई केली. संपूर्ण देशाला लागू होणारा असा व्यापक कायदा करणारे ते पहिले राष्ट्र. स्कॉटलंडमध्ये असा कायदा २६ मार्च २००६ रोजी अमलात आला. बेल्जियमने हेच पाऊल तीन टप्प्यांत टाकले : जानेवारी २००६ मध्ये सार्वजनिक जागा व बहुतेक कामाची ठिकाणे, जानेवारी २००७ मध्ये उपाहारगृहे, आणि जानेवारी २०१० मध्ये खाद्यपदार्थ देणारी मद्यगृहे. या कायद्यांच्या अगोदरच्या व नंतरच्या जन्मनोंदी ताडून पाहणारे निबंध पुढे प्रसिद्ध झाले. आयर्लंडविषयी झुबेर कबीर व त्यांचे सहकारी (२००९), स्कॉटलंडविषयी डॅनियल मॅके, जिल पेल प्रभृती (२०१२), बेल्जियमच्या फ्लँडर्स प्रांताविषयी बियांका कॉक्स, टिम नॉरोट प्रभृती (२०१३) यांचे निबंध त्यांत महत्त्वाचे होत. अशा अनेक निबंधांचा एकत्रित ताळा जॅस्पर बीन व अझीझ शेख यांच्या गटाने २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडला. त्याहून विस्तृत असा दुसरा ताळा टिमोर फेबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला.

अशा परिणामाची अपेक्षा का धरावी, याचे शरीरशास्त्रीय कारण स्पष्ट आहे. तंबाखूच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनशी संयोग पावतो आणि तेवढ्या प्रमाणात रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करते, आणि वारेतून गर्भाला होणारा पुरवठा मंदावतो. आई स्वतः विडी-सिगारेट ओढत असो वा इतरांनी सोडलेला धूर तिच्या श्वासात जात असो, मार्ग एकच आहे; मात्रा भिन्न. तेव्हा धूर कमी झाला की गर्भाचे काही हित होईल, हा तर्क आधीपासूनच सबळ होता. वर उल्लेखिलेल्या निबंधांपुढील प्रश्न निराळा होता : धूर अपायकारक आहे काय हा नव्हे, तर कायद्याने तो अपाय मोजण्याइतका घटतो काय, हा.

या प्रश्नाचे उत्तर देताना निबंधकारांनी वापरलेली भाषा लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. स्कॉटलंड व बेल्जियम यांविषयीच्या दोन्ही निबंधांची शीर्षके ‘इम्पॅक्ट’, म्हणजे आघात किंवा प्रभाव, या शब्दाने सुरू होतात; २०१४ च्या लॅन्सेटमधील निबंधाचे शीर्षक ‘इफेक्ट’, म्हणजे परिणाम, या शब्दाने. शीर्षकापुरता तरी कार्यकारणभाव गृहीत आहे. परंतु निष्कर्षाच्या परिच्छेदात येताच स्कॉटिश निबंध व लॅन्सेटमधील निबंध यांची भाषा बदलते. तेथे कायदा अकालप्रसूती ‘घटवीत’ नाही; तो घटीशी ‘संबद्ध’ असतो. बेल्जियमचे निबंधकार तर आपला निष्कर्ष निर्णायक नसल्याचे मोकळेपणाने सांगतात. एकाच लेखात शीर्षकाचा एक स्वर आणि निष्कर्षाचा दुसरा, हा भेद इंग्रजीत खपून जातो, कारण ‘संबद्ध असणे’ हा त्या भाषेतील शास्त्रीय गद्याचा रुळलेला प्रयोग आहे. मराठीत ‘कायदा व घट यांत साहचर्य आढळले’ असे लिहिले तर वाक्य अवघडते. लिहिणाऱ्याचा हात आपोआप ‘मुळे’कडे वळतो आणि निबंधकारांनी राखलेले अंतर एका अव्ययाने नाहीसे होते.

‘मुळे’ हे अव्यय साधेसुधे नाही. ‘मूळ’ या नामाशी त्याचे नाते उघड आहे. ज्याला ते जोडले जाते त्यास ते घटनेच्या मुळाशी नेऊन बसविते. शिवाय ते सामान्यतः एकाच कारणाकडे बोट दाखविते. ‘पावसामुळे गाडी चुकली’ असे म्हणणारा मनुष्य घरून उशिरा निघाल्याची गोष्ट मनात ठेवतो. यावर सावध लेखक असे म्हणेल की, ‘मुळे’ टाळून ‘नंतर’ लिहावे : ‘धूम्रपानबंदीनंतर अकालप्रसूतींचे प्रमाण घटले.’ कालक्रम सांगितला, कारण सांगितले नाही. आता दोष उरला नाही. ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला’ गाठ पडल्याचा, म्हणजेच काकतालीय न्यायाचा, आक्षेपही टळला. वरवर पाहता हे मत ग्राह्य वाटते. परंतु स्कॉटलंडच्या निबंधाचा मुख्य निष्कर्षच या सावध शब्दाला खोटे पाडतो.

त्या निबंधात १९९६ ते २००९ या काळातील स्कॉटलंडमधील सात लाखांहून अधिक एकल जन्मांच्या नोंदी तपासल्या आहेत. त्यांत अकालप्रसूतींचे, म्हणजे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वीच्या जन्मांचे, प्रमाण ११.७२ टक्क्यांनी आणि गर्भकालाच्या मानाने लहान असलेल्या बालकांचे प्रमाण ४.५२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. मात्र ही घट कायदा अमलात आल्याच्या दिवसापासून सुरू होत नाही. ती त्याच्या सुमारे तीन महिने अगोदर, १ जानेवारी २००६ च्या सुमारास, सुरू होते. म्हणजे ‘बंदीनंतर’ हे कालवाचक विधान येथे अक्षरशः चुकीचे ठरते. उलट ‘बंदीमुळे’ हे विधान खरे असू शकते. कारण कायदा येणार हे आधीपासून जाहीर होते, आणि त्या तीन महिन्यांत धूम्रपान सोडण्याचे प्रयत्न वाढल्याचे स्कॉटलंडविषयीच्या अन्य अभ्यासात दिसून आले आहे. कायद्याची तारीख आणि कायद्याचा प्रभाव ही दोन भिन्न कालस्थाने आहेत. ज्याला सुरक्षित शब्द समजावे तो खोटा आणि ज्याला धाडसी समजावे तो कदाचित खरा, अशी ही स्थिती आहे. यावरून एवढे निश्चित होते की, शास्त्रीय गद्यातील सावधपणा हा शब्दाच्या सौम्यतेत नसतो; विधान कोणत्या पुराव्यावर उभे आहे ते सांगण्यात असतो.

तथापि ‘खरे असू शकते’ म्हणजे ‘सिद्ध झाले’ नव्हे. एकट्या स्कॉटलंडच्या आकड्यांवरून जानेवारी २००६ मध्ये दुसरे काही घडले नसावे असे ठरविता येत नाही. येथे बेल्जियमच्या निबंधाचे महत्त्व कळते. त्यात सहा लाखांहून अधिक जन्मांची तपासणी आहे, आणि कायदा एकदम न येता पायरीपायरीने आला आहे. बंदीपूर्वीच्या वर्षांत किंवा महिन्यांत घटीचा कल दिसत नाही. बंदीचा विस्तार होत गेला तशी घट दिसू लागते : १ जानेवारी २००७ रोजी आपोआप सुरू होणाऱ्या अकालप्रसूतींत ३.१३ टक्क्यांची उतरण, आणि १ जानेवारी २०१० नंतर प्रतिवर्षी २.६५ टक्क्यांचा उतार. भारतीय तर्कशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर, स्कॉटलंडमध्ये अन्वयाचे एकच उदाहरण होते. बेल्जियममध्ये अन्वय पुन्हा घडतो आणि पायऱ्यांच्या आधीच्या काळात व्यतिरेकही दिसतो. फांदी कावळा बसला तेव्हा तुटली एवढेच नव्हे, तर पुढे तो जेव्हा जेव्हा बसला तेव्हा तेव्हा वाकली. ‘मुळे’ म्हणण्याचा अधिकार अशा पुराव्यातून थोडाथोडा मिळत जातो. तो एका निबंधाने मिळत नाही, आणि शीर्षकातील एका नामाने तर नाहीच.

आता ‘आरोग्य’ या पदाकडे वळू. हे पद छत्रासारखे आहे. त्याखाली अनेक भिन्न मोजमापे उभी राहू शकतात. निबंधांत मोजलेल्या गोष्टी मात्र नेमक्या आहेत. मूल अपुऱ्या दिवसांचे असणे ही एक गोष्ट. जन्मवेळी वजन २५०० ग्रॅमपेक्षा कमी असणे ही दुसरी. आणि जितके दिवस गर्भात राहिले त्या मानाने लहान असणे ही तिसरी. घरगुती मराठीत या तिघांनाही ‘मूल अशक्त जन्मले’ असे म्हणून भागविले जाते. परंतु नऊ महिने पुरे भरलेले मूलही वजनाने कमी असू शकते, आणि आठव्या महिन्यातले मूल आपल्या दिवसांच्या मानाने चांगले वाढलेलेही असू शकते. हा भेद पुसला की निष्कर्षही पुसट होतो. २०१४ च्या ताळ्यात अकालप्रसूतींत १०.४ टक्क्यांची घट आढळली. पण कमी वजनाच्या बालकांच्या प्रमाणात गणितीदृष्ट्या भरवशाची अशी घट आढळली नाही. आयर्लंडच्या निबंधातील चित्र तर अधिकच विषम आहे. डब्लिनमधील एका प्रसूतिगृहातील २००३ व २००५ या वर्षांच्या जन्मांची तुलना करता अकालप्रसूतीची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी कमी, परंतु कमी वजनाची शक्यता सुमारे ४३ टक्क्यांनी अधिक, असे उत्तर आले. दोनच वर्षांच्या व एकाच प्रसूतिगृहाच्या तुलनेवर फार भार टाकू नये हे खरे. परंतु ज्या निबंधात एक माप खाली व दुसरे वर जाते, त्याचे सार ‘आरोग्य सुधारले’ या शब्दांत देणे म्हणजे सार देणे नव्हे, निवड करणे होय.

टक्केवारीच्या भाषेतही असाच एक खड्डा आहे. ‘प्रमाण दहा टक्क्यांनी घटले’ याचा अर्थ शंभर मुलांपैकी दहा मुले वाचली असा अनेकांना वाटतो. समजा, एखाद्या प्रदेशात शंभरांत सात जन्म अकाली होतात. त्यात दहा टक्क्यांची घट म्हणजे सातांचे सहा दशांश तीन. शंभर जन्मांमागे एक पूर्ण मूलही नाही. हजारांमागे मात्र सात मुले, आणि लाखामागे सातशे. हा लाभ लहान नव्हे, पण तो कोणत्या परिमाणात आहे ते वाक्याने सांगितले पाहिजे. शिवाय २०१७ च्या विस्तृत ताळ्यात, पाच कोटींहून अधिक जन्म जमेस धरल्यावर, अकालप्रसूतींतील घटीचा आकडा ३.७७ टक्क्यांवर आला. पुरावा वाढला तसा परिणाम आकुंचित झाला, पण शून्य झाला नाही. जो लेखक आजही केवळ दहा टक्क्यांचाच आकडा सांगतो तो अर्धी गोष्ट सांगतो. आणि आकडा उतरला म्हणून सर्व खोटे म्हणणारा दुसरी अर्धी.

‘बंदी’ या नामाचा विचार थोडक्यात करता येईल. या एका शब्दाखाली आयर्लंडचा कामाच्या जागांचा कायदा, बेल्जियमच्या तीन पायऱ्या आणि इतर देशांचे सवलतींनी भरलेले कायदे एकत्र बसतात. भारताचा कायदा २००३ चा. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविषयीचे त्याखालील सुधारित नियम २ ऑक्टोबर २००८ पासून अमलात आले. त्यांत दंडाची मर्यादा दोनशे रुपये. आणि तीस वा अधिक खोल्यांची हॉटेले, तीस वा अधिक आसनांची उपाहारगृहे व विमानतळ यांना धूम्रपानासाठी स्वतंत्र जागा राखण्याची मुभा ठेवलेली होती. नाव एकच, वस्तू भिन्न. औषधाचे नाव सांगून मात्रा न सांगण्यासारखाच हा प्रकार आहे.

राहता राहिले ‘सुधारते’. मराठीतील हा वर्तमानकाळ केवळ चालू काळ दाखवीत नाही. ‘सूर्य पूर्वेस उगवतो’ या वाक्यात तो सार्वकालिक नियम सांगतो. ‘स्कॉटलंडमध्ये सुधारले’ हा इतिहास आहे. ‘सुधारते’ हा सिद्धान्त. मूळ निबंधांत देश आहे, वर्ष आहे, कायद्याचे स्वरूप आहे. प्रत्ययाच्या एका बदलाने हे तिन्ही गळून पडतात, आणि वाक्य कोठेही लागू करण्यास मोकळे होते. ते महाराष्ट्रास लागू करून पाहिले म्हणजे या व्याकरणविचाराचे प्रयोजन ध्यानात येईल.

स्कॉटलंडच्या निबंधात कायद्यापूर्वी २५.४ टक्के गर्भवती धूम्रपान करीत होत्या. कायद्यानंतर हे प्रमाण १८.८ टक्के झाले. कधीच धूम्रपान न केलेल्या मातांतही घट दिसली हे खरे, तरी लाभाचा एक मोठा मार्ग आईने स्वतः सिगारेट सोडण्याचा असणार, हे उघड आहे. भारतात २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे धूम्रपान करणाऱ्या प्रौढ स्त्रिया २ टक्के होत्या. तंबाखू अन्य रूपाने सेवन करणाऱ्या १२.८ टक्के. महाराष्ट्रात स्त्री-पुरुष मिळून धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. जो मार्ग तेथे रुंद होता तो येथे जवळजवळ बंदच आहे. उरतो इतरांच्या धुराचा मार्ग. आणि त्याच पाहणीत घरात धूर सोसावा लागणाऱ्या प्रौढांचे प्रमाण देशात ३८.७ टक्के होते. घर हे कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक ठिकाण नाही. तेव्हा ‘बंदीमुळे सुधारते’ हा सिद्धान्त महाराष्ट्रात आला तरी त्यातील ‘मुळे’ ज्या वाटेने चालते ती वाट त्याच्यासोबत येत नाही.

याहूनही सूक्ष्म अडचण ‘धूम्रपान’ या शब्दाची आहे. तंबाखूच्या निरनिराळ्या रूपांसाठी मराठीत निरनिराळी क्रियापदे आहेत. विडी ओढतात, तपकीर ओढतात, तंबाखू खातात किंवा मळतात, आणि मशेरी लावतात. ‘लावणे’ हे क्रियापद कुंकवाचे, काजळाचे, औषधाचे आहे; त्यात सेवनाचा गंधही नाही. तंबाखू तव्यावर भाजून केलेली ही पूड दातांना लावणारी स्त्री ‘धूम्रपान करता काय?’ या प्रश्नास ‘नाही’ म्हणते ते खरेच असते. ‘तंबाखू खाता काय?’ यासही ती ‘नाही’ म्हणू शकते, आणि तेही तिच्या भाषेच्या नियमाप्रमाणे खोटे नसते. ‘मशेरी लावता का?’ असे विचारल्यावाचून तिचे उत्तर मिळत नाही. प्रकाश गुप्ता व एस. श्रीविद्या यांनी मुंबईतील १२१७ स्त्रियांविषयी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सुमारे १७ टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखू, मुख्यतः मशेरी, वापरणाऱ्या होत्या. त्यांच्या बालकांचे जन्मवजन सरासरीने १०५ ग्रॅमने कमी आणि गर्भकाल ६.२ दिवसांनी अल्प आढळला. या बालकांच्या बाबतीत ‘धूम्र’ही नाही आणि ‘पान’ही नाही, सार्वजनिक धूम्रपानावरील कोणतीही बंदी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

इतरांच्या धुरासाठी मराठीत रूढ होत असलेली ‘निष्क्रिय धूम्रपान’ ही संज्ञाही अशीच विचारार्ह आहे. ‘पान’ म्हणजे पिणे. त्यास कर्ता लागतो. ‘निष्क्रिय’ हे विशेषण लावूनही तो कर्ता नाहीसा होत नाही, केवळ आळशी होतो. गर्भ किंवा नवजात बालक कोणतेही ‘पान’ करीत नाही. त्याच्यावर धूर लादला जातो. ‘परक्याचा धूर’ किंवा ‘लादलेला धूर’ असे म्हटले तर कर्ता जेथे असावयास हवा तेथे, म्हणजे ओढणाऱ्याकडे, परत जातो. संज्ञा ही जबाबदारीची वाटणीही करीत असते.

या सर्व चिकित्सेचा अर्थ बंदी निरुपयोगी आहे असा कोणी काढील तर तो विपर्यास होईल. बेल्जियमच्या पायऱ्या आणि २०१७ चा ताळा यांच्या आधारे एवढे निःशंक म्हणता येते की, ज्या देशांत बंदिस्त सार्वजनिक जागांतील धूम्रपानावर व्यापक मनाई आली तेथे अकालप्रसूतींचे प्रमाण काहीसे उतरले, आणि त्या उतरण्यात कायद्याचा वाटा असल्याचा पुरावा चांगला आहे. जन्मवजनाविषयी मात्र असे एकमुखाने म्हणता येत नाही. हे वाक्य आरंभीच्या वाक्याहून लांब आहे व घोषणेला अयोग्य आहे. परंतु त्यात देश आहे, माप आहे, वाटा आहे आणि मर्यादा आहे. आरंभीचे वाक्य वाचून आरोग्यखात्यातील अधिकारी फलक लावून समाधान पावू शकतो. हे वाक्य वाचून त्यास विचारावे लागते की, आपल्या जिल्ह्यातील गर्भवतीपर्यंत तंबाखू कोणत्या वाटेने पोहोचते : कचेरीतल्या धुरातून, घरातल्या विडीतून, की चुलीवरच्या तव्यातून. ज्या वाक्याने पुढचा प्रश्न सुचतो तेच शास्त्राचे सार म्हणावयास योग्य होय.